बादलीतला शर्ट

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई फार तोडून बोलते. लाँड्री चालवणाऱ्या बाईला गोड बोलून चालत नाही. गोड बोललं की लोक लगेच विचारतात, "मग संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" ही लाँड्री आमच्या वडिलांची. त्यांच्यानंतर ताईने आणि मी चालवली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती काउंटर सांभाळायची, तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, कपडे पोचवायची गाडी चालवायचे, आणि मी मागे हौदापाशी, डागांवर. लग्न मी केलं नाही. "तुझ्याशी कुणी लग्न केलंच, तर पहिल्या रात्रीच त्याला भिजत घालशील," असं ताई म्हणायची आणि स्वतःच पोट धरून हसायची.

सगळी गिऱ्हाइकं मला मावशी म्हणतात, साठी उलटलेले आजोबासुद्धा. पण खरी मावशी मी एकाचीच, ताईच्या मुलाची. आम्ही त्याला बटण म्हणतो. रांगत होता तेव्हा इस्त्रीच्या टेबलाखाली पडलेली बटणं वेचून तोंडात घालायचा, आणि आम्ही चार मोठी माणसं त्याच्या तोंडात बोटं घालून ती काढत बसायचो. चौथे म्हणजे इस्त्रीवाले काका. नात्याने ते आमचे कुणी नाहीत. वडिलांच्या काळापासून इस्त्रीवर उभे आहेत, आणि मी काहीही म्हटलं की "छे, तसं काही नाही" म्हणायचं, हे काम त्यांनी तेव्हापासूनच अंगावर घेतलंय. मी म्हटलं आज ऊन बरं आहे, की काका म्हणणार, ऊन कसलं, नुसता उजेड आहे.

तर या बटणवर, तो सोळा वर्षांचा असताना, स्वतःच्या आईवडिलांचा खून केल्याचा खटला चालला. त्यात तो दोषी ठरला. आणि तो दोषी ठरला तो बऱ्याच अंशी माझ्या साक्षीवर.

त्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला लाँड्रीत फोन वाजला. "मावशी, घरी ये," एवढंच बटण म्हणाला. आवाज असा होता की मी हात न पुसता निघाले. ताईचं घर दोन गल्ल्या सोडून. पुढचं दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत भाऊजी पडलेले. आत स्वयंपाकघरात ताई. त्याबद्दल याहून जास्त मला सांगवत नाही. दोघंही गेलेली आहेत हे बघताक्षणी कळत होतं. बटण न्हाणीघराच्या दारात उभा होता. अंगात नुसता बनियन, हात कोपरापर्यंत ओले, मागे निळी बादली. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मावशी, शर्ट थंड पाण्यात टाकलाय."

हे वाक्य मी आधी पोलिसांना सांगितलं, मग कोर्टात सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापून आलं. सरकारी वकील म्हणाले, आईबाप रक्तात पडलेत आणि हा मुलगा शर्ट धुतोय, म्हणजे पुरावा धुतोय. आदल्या दिवशी त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाचा कोट जळला होता आणि भाऊजींनी चार लोकांसमोर त्याच्या थोबाडीत मारली होती. "एक दिवस कळेल तुम्हाला," असं म्हणून तो पाय आपटत निघून गेला होता. हेही मीच सांगितलं. खरंच होतं ते. पण सोळा वर्षांचं कुठलं पोर असं म्हणत नाही? मी तर चाळिशीपर्यंत म्हणत होते.

मग सरकारी वकिलांनी विचारलं, "ते ऐकून तुम्हाला विचित्र वाटलं नाही?"

"वाटलं," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मी किंचाळले."

इथे मी खोटं बोलले. काय ते सांगते, पण जरा दम धरा. आत्ताच सांगितलं तर तुमचं माझ्याबद्दल वाईट मत होईल, आणि अजून पुष्कळ सांगायचं आहे.

तीन वर्षं गेली. वरच्या कोर्टाने सांगितलं की हा खटला पुन्हा चालवा. कारण असं झालं की पत्रं वाटणाऱ्या एका बाईने त्या सकाळी ताईच्या घराच्या मागच्या भिंतीवरून एका माणसाला उडी टाकून पळताना बघितलं होतं. तिने तेव्हाच जाऊन जबाब दिला होता. तो जबाब पोलीस ठाण्यातल्या कपाटात पडून राहिला आणि बटणच्या वकिलाला कुणी दाखवलाच नाही. तोवर मी स्वतःची अशी समजूत घातली होती की केलंच असेल त्याने. तीन वर्षांत मी त्याला एकदाही भेटायला गेले नव्हते. एकदा तुरुंगाच्या फाटकापर्यंत गेले, रांगेत उभी राहिले, आणि माझा नंबर यायच्या आत परत फिरले. काका मात्र दर महिन्याला जायचे. कुठे जातो ते सांगायचे नाहीत. इस्त्री केलेले दोन शर्ट पिशवीत घालून निघायचे, आणि मी विचारायची नाही.

एका दुपारी एक पोरगेलीशी बाई काउंटरवर आली. काळ्या कोटाचं अस्तर बगलेत उसवलेलं, आतल्या पांढऱ्या शर्टावर चहाचा हा एवढा डाग. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"कधी सांडला?"

"सकाळी, कँटीनमध्ये. पण मी त्यासाठी नाही..."

"लगेच थंड पाण्यात टाकलात का?"

"अहो, अंगावर होता."

"अंगावर असला तरी निदान ओंजळभर पाणी तरी मारायचं. आता बसला तो. त्यात दूध होतं का?"

मी वर बघितलं तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "मी बटणची वकील आहे." आणि थोड्या वेळाने, "हे तुम्ही सगळ्यांना विचारता?"

"सगळ्यांना. डाग घेऊन आलेल्या माणसाला दुसरं काय विचारायचं, तब्येत कशी आहे?"

"आधी थंड पाण्याचं, आणि मग दुधाचं?"

"चहा असला तर दुधाचं. दुसरा प्रश्न डाग बघून असतो."

"रक्त असेल तर?"

मागून काकांनी, इस्त्री फिरवत, विचारलं नसताना सांगून टाकलं, "रक्ताला मीठ. थंड पाणी आणि मीठ. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे या घरात."

वकीलबाईंनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. "मावशी, तो शर्ट त्याने बादलीत टाकला असं त्याने तुम्हाला सांगितलं. त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"शर्ट काढून ठेवा. गुरुवारी मिळेल," मी म्हटलं.

"अंगावर आहे," ती म्हणाली. पण ती चिडली नाही. मला त्याचाच जास्त राग आला. "मी तुम्हाला खरं सांगते. पत्रवाल्या बाईची साक्ष आहे, भांडणाचं मी बघून घेईन, खुनाची सुरी तर कधी सापडलीच नाही. सगळ्याला माझ्याकडे उत्तर आहे. बादलीला नाही. न्यायाधीश त्या बादलीपाशी अडणार. मी त्याला विचारते, तू सांगितल्यावर मावशी काय म्हणाली? तो म्हणतो, आठवत नाही. त्या सकाळचं त्याला बाकी सगळं आठवतं. कपडे पोचवून आला, सायकल कुठे टेकवली, बाबांना उठवायला कसा बसला, शर्ट रक्ताने कसा भरला, सगळं. तेवढंच आठवत नाही. आणि ते सांगताना तो भिंतीकडे बघतो."

मी तिला म्हटलं, मला कामं आहेत. ती गेली. जाताना सांगून गेली की मंगळवारी माझी साक्ष आहे, सरकारी बाजूनेच, मागच्यासारखी.

ती गेल्यावर मी हौदात उगाचच एक चादर आपटत बसले. काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. काका इस्त्री उभी करतात तेव्हा गोष्ट साधी नसते.

"तो दर वेळी मला एकच विचारतो," काका म्हणाले. "मावशीचा गुडघा कसा आहे."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो की बाई तशीच आहे, गुडघाही तसाच आहे."

माझा गुडघा ओल्यात उभं राहून राहून गेलाय. बटण लहान असताना माझ्यासाठी हौदापाशी लाकडी पाट सरकवायचा आणि ओरडायचा, "मावशी, पाटावर." मी त्याला तीन वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि ते पोर आत बसून माझा गुडघा विचारत होतं. मी चादर तशीच टाकली आणि हौदाच्या काठावर बसून धाय मोकलून रडले. थोड्या वेळाने काकांनी पायाने तो पाट माझ्याकडे सरकवला.

आता सांगते.

बटण सहा वर्षांचा असताना सायकलवरून पडला आणि हनुवटी फुटली. रक्ताने शर्ट भरलेला. तसाच लाँड्रीच्या मागच्या दाराने आत आला, शर्ट काढला, बादलीत बुडवला, आणि मग माझ्यासमोर येऊन गळा काढला. रडता रडता पहिलं वाक्य काय, तर "मावशी, थंड पाण्यात टाकलाय." का, तर कुणाला काहीही लागलं, सांडलं, माखलं की मी आधी तेच विचारायची, "थंड पाण्यात टाकलंस का?" त्याने माझा प्रश्न यायच्या आत उत्तर देऊन टाकलं होतं. आणि मी, त्याच्या हनुवटीतून धार लागलेली असताना, विचारलं होतं, "मीठ घातलंस का?" पुढे कितीतरी वर्षं ताई ही गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगायची. पोराला टाके पडलेत आणि ही बया मीठ विचारतेय, म्हणायची.

त्या सकाळीही त्याने तेच केलं. भाऊजींना उचलायला गेला, शर्ट भरला, हातांनी आपोआप जे यायचं ते केलं, आणि मी आल्यावर मला सांगितलं. सोळा वर्षांचा असला तरी त्या दारात तो सहाच वर्षांचा होता. आणि मी त्याला काय म्हणाले? भाऊजींना बघून, ताईला बघून आले होते मी. माझी बहीण आत जमिनीवर पडलेली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "मीठ घातलंस का?"

किंचाळलेबिंचाळले नाही मी. हे म्हणाले. तेवढ्यात शेजारची माणसं आत शिरली आणि त्याला उत्तर द्यायला मिळालं नाही.

पोलिसांनी लिहून घेताना विचारलं, तेव्हा मला माझीच किळस आली. वाटलं, लोक काय म्हणतील? सख्खी बहीण मरून पडलीय आणि हिला मीठ सुचतंय. म्हणून ते गिळलं. पण माझं वाक्य काढून टाकल्यावर त्याचं वाक्य एकटंच उरलं, आणि एकटं ते फार भयंकर दिसत होतं. इतकं भयंकर, की पुढे पुढे मलाही ते तसंच दिसायला लागलं. माझी लाज झाकायला मी त्याला खुनी होऊ दिलं. यात काही सजवून सांगण्यासारखं नाही.

मंगळवारी काका माझ्याबरोबर आले. कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी म्हटलं, "काका, माझे पाय लटपटतायत." काका म्हणाले, "छे, पायऱ्याच उंच आहेत."

बटण आत आला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. एकोणीस वर्षांचा झाला होता, उंच झाला होता, मनगटं शर्टाच्या बाह्यांतून वीतभर बाहेर आली होती. शर्टाची इस्त्री मात्र काकांची होती, कॉलर बघूनच कळलं. हनुवटीवर ती जुनी खूण. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली, माझ्या गुडघ्याकडे नेली. मी लंगडत होते ना.

सरकारी वकिलांनी मागचेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले, आणि मीही फोनपासून बादलीपर्यंत सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "हे ऐकून तुम्हाला विचित्र वाटलं."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी कागदातून डोकं वर काढलं. "मागच्या वेळी तुम्ही वाटलं म्हणाला होतात."

"तेव्हा खोटं सांगितलं. जरासुद्धा विचित्र वाटलं नाही. उलट मी त्याला विचारलं, मीठ घातलंस का."

कोर्टात मागे कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटलं होतं की असंच होईल, आणि झालं. पण लोकांचं एकदा हसून झाल्यावर मला जरा बरंच वाटलं. यापेक्षा जास्त काय होणार होतं?

सरकारी वकील आता सरसावले. "सख्खी बहीण समोर मरून पडलेली असताना तुम्ही मीठ विचारलंत, यावर कोर्टाने विश्वास ठेवायचा?"

"नका ठेवू. मलाही तीन वर्षं ठेवता आला नाही."

"भाच्याला वाचवायला तुम्ही हे रचलंय, असं मी म्हणतो."

आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, रचायचंच असतं तर काहीतरी बरं रचलं असतं. त्याला छातीशी धरलं, असं सांगितलं असतं. धरायला हवं होतं मी त्याला. ते पोर थरथरत उभं होतं आणि मी त्याला मीठ विचारलं. असं रचतं का कुणी स्वतःबद्दल?"

"शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. त्याचं काय असेल ते मला करा. त्याने तीन वर्षं भोगलंय."

ते खाली बसले. न्यायाधीश वयस्कर होते, गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीला कुणीतरी वाट्टेल तशी खळ लावलेली. त्यांनी चष्मा काढला आणि मला शांतपणे विचारलं, "तुमच्या घरात हे सगळ्यांनाच माहीत होतं? पाणी आणि मीठ?"

"हो साहेब. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, गरम लावलं की डाग पक्का बसतो. लगेच थंड पाणी. हे आम्ही शिकवत नाही, अंगवळणीच पडतं ते. मी मरायला टेकले आणि माझ्या नाकातून रक्त आलं ना, तर आधी उशीचा अभ्रा काढेन." मग मी त्यांना बटण सहा वर्षांचा असतानाची, हनुवटीची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत होते म्हणून सगळी सांगितली.

"आणि मीठ नसेल तर?" त्यांनी विचारलं.

"तर नाही निघत. वरवर गेल्यासारखा वाटतो, पण कपडा वाळला की पुन्हा वर येतो. रक्ताला मिठाशिवाय गत्यंतर नाही. चाळीस वर्षं हेच करतेय."

त्यांनी काहीतरी लिहिलं. वकीलबाईंनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचा तो शर्ट स्वच्छ झाला होता. गुरुवारी मीच करून दिला होता.

चार दिवसांनी बटणची पाळी आली. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "तुझं वाक्य ऐकून मावशी काय म्हणाली?"

तो भिंतीकडे बघायला लागला. मी बाकावरून त्याच्याकडे बघत होते. गाढवा, सांग, मी सगळं सांगून बसलेय, आता कुणाला वाचवतोस? तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मीठ घातलंस का, असं म्हणाली," तो म्हणाला.

"तू काय उत्तर दिलंस?"

"नाही दिलं. लोक आले."

"इतके दिवस हे का सांगितलं नाहीस? यात तुझाच फायदा होता."

"लोकांनी तिला नावं ठेवली असती," तो म्हणाला. "ती एकटीच उरली होती माझी."

माझ्या शेजारी काका बसले होते. मी त्यांचा हात धरला होता, तो मी इतका आवळला की ते म्हणाले, अगं, इस्त्रीचा हात आहे, जरा सांभाळून.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. न्यायाधीशांनी बराच वेळ वाचलं. पत्रवाल्या बाईबद्दल वाचलं, भांडणाबद्दल वाचलं. शेवटी बादलीबद्दल वाचलं: पुरावा नष्ट करणारा माणूस पहिल्या येणाऱ्याला ते आपणहून सांगत नाही, आणि त्या घरात वाढलेल्या मुलाने तसं करणं व सांगणं अगदी स्वाभाविक होतं. निर्दोष, असं म्हणाले. मला तो शब्द नीट ऐकू आला नाही. वकीलबाईंनी उसवलेल्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले, तेव्हा कळलं. माझ्या खोट्या साक्षीचं काय करायचं ते पुढे बघू, असंही न्यायाधीश म्हणाले. ते अजून बघतायत. बघू देत.

आम्ही त्याला भाऊजींच्या गाडीतूनच घरी आणलं. काका चालवत होते, मी पुढे, तो मागे कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये, लहानपणी बसायचा तसाच. ताईचं घर बंदच आहे, त्यामुळे सरळ लाँड्रीत आलो. वरच्या माळ्यावर मी राहते, तिथे त्याची गादी घालून ठेवली होती. तो काही वर गेला नाही. काउंटरवरून हात फिरवत मागे हौदापाशी आला. भाऊजींचा एक शर्ट मी धुऊन ठेवला होता, तो त्याला दिला. अंगातल्या त्या आखूड बाह्यांच्या शर्टापेक्षा हा बरा बसेल म्हटलं. बसला. खांद्यात अगदी बरोबर बसला. मला ते बघवेना, म्हणून मी म्हटलं, "किती वाळलास रे. जेवायला बस आधी."

"मावशी," तो म्हणाला.

"काय?"

"तू विचारलं होतंस ना. नव्हतं घातलं."

मला क्षणभर कळेना कशाबद्दल बोलतोय. मग कळलं.

"जाऊ दे रे," मी म्हटलं. "आता कशाला ते."

"मी विसरलो नव्हतो. लक्षात होतं." तो हौदातल्या पाण्याकडे बघत होता. "मिठाची बरणी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होती. आई खाली होती. तिला ओलांडून जावं लागलं असतं. दारापर्यंत गेलो, दोनदा गेलो. नाही गेलं माझ्याने आत."

तीन वर्षं त्याच्यापाशी हे होतं. वकिलांना सांगितलं असतं, न्यायाधीशांना सांगितलं असतं, तर एवढ्या एका वाक्याने काय काय झालं असतं. पण तो ते माझ्यासाठी राखून बसला होता. प्रश्न मी विचारला होता ना, म्हणून उत्तर मलाच द्यायचं होतं. आणि तो माझ्याकडे असा बघत होता, की आपण काम अर्धवट केलं, आता मावशी काय म्हणते.

मी त्याला धरलं. त्या दिवशी धरायला हवं होतं तसं, दोन्ही ओल्या हातांनी. भाऊजींचा शर्ट पाठीवर भिजला.

"नुसत्या पाण्यानेही निघतं, राजा," मी म्हटलं. "मीठ नसलं तरी चालतं. आपलं उगाच असतं ते मीठ."

माझ्या खांद्यावरचं त्याचं डोकं हळूहळू जड झालं.

मागे काकांची इस्त्री चालू होती. मी वाट बघत होते. चाळीस वर्षांत त्या माणसाने माझं एक वाक्य सरळ जाऊ दिलं नव्हतं, आणि हे तर धडधडीत खोटं होतं. धंद्यातल्या कुणालाही कळेल इतकं खोटं.

काकांनी कॉलर उलटी केली, तिच्यावर पाणी शिंपडलं.

"निघतं की," ते म्हणाले. "बरोबर बोलतेय ती. नुसत्या पाण्यानेही निघतं."